रक्त चढवल्यानंतर हिमोग्लोबिन कधी, कसं आणि कितीदा तपासायचं: सीमाभागातल्या रुग्णांच्या घरच्यांसाठी

रक्ताची पिशवी संपते, चेहऱ्यावर जरा तजेला दिसतो, डिस्चार्ज मिळतो. त्यानंतरचं हिमोग्लोबिन तपासलं जातं ते थेट पुन्हा धाप लागल्यावर. खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडून बेळगावला येणाऱ्या रुग्णांचे कागद लॅबच्या टेबलावर येतात तेव्हा ही चूक सतत दिसते. दुसरी चूक याच्या उलट आहे. चार दिवसांत तीन लॅबमध्ये तपासायचं, तीन वेगळे आकडे गोळा करायचे आणि सगळं घर घाबरवून सोडायचं.

या दोन्ही चुकांचं मूळ एकच. हिमोग्लोबिनचा एकटा आकडा काहीच सांगत नाही. आधीचा आकडा किती होता, नमुना रक्त चढवल्यानंतर किती वेळाने घेतला, कुठल्या हाताचा घेतला आणि कुठल्या लॅबमध्ये तपासला, या चार गोष्टी सोबत असतील तरच ८.४ ला (म्हणजे १०० मिली रक्तात ८.४ ग्रॅम हिमोग्लोबिन) अर्थ येतो. पुढचे टप्पे त्याच क्रमाने पाळा. रक्त द्यायचं की नाही, किती द्यायचं, औषध कोणतं, हे डॉक्टरच ठरवणार. पण नोंद ठेवणं, वेळेवर तपासणं आणि धोक्याची खूण ओळखणं घरच्या माणसांच्या हातात आहे आणि नेमकं तेच राहून जातं.

## टप्पा १: पिशवी लावण्याआधीची तयारी

१. आधीचा आकडा पक्का करा. गावातल्या आरोग्य केंद्रात बोटाला टोचून पाहिलेलं हिमोग्लोबिन आणि दवाखान्यात शिरेतून घेतलेल्या रक्ताचं यंत्रावरचं हिमोग्लोबिन यांत सहज अर्ध्या ते एका पॉइंटचा फरक पडू शकतो. केंद्रातला आकडा ‘आधीचा’ आणि दवाखान्यातला ‘नंतरचा’ धरला, तर रक्त चढवून किती फरक पडला हे कधीच कळणार नाही. म्हणून जिथे रक्त चढवणार, तिथलाच, शक्यतो त्याच किंवा आदल्या दिवशीचा आकडा आधीचा म्हणून धरा.

२. वजन लिहून ठेवा. एका पिशवीने किती वाढ होईल याचा अंदाज वजनाशिवाय बांधता येत नाही. अंदाजाने सांगू नका, काट्यावर करून घ्या.

३. कारण शोधायच्या तपासण्यांचा नमुना आधी घ्यायला सांगा. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. रक्त का कमी झालं हे शोधायला लोह, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, फोलिक ॲसिड आणि गरज असेल तर थॅलेसेमिया-सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांसाठीची एचपीएलसी तपासणी लागते. दात्याचं रक्त एकदा मिसळलं की यातले काही निकाल दिशाभूल करतात. रुग्ण अत्यवस्थ असेल तर रक्त थांबवायचं नाही, पण नमुना काढून ठेवायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. डॉक्टरांना सरळ विचारा: “रक्त लावायच्या आधी कारणाच्या तपासणीचं सॅम्पल घेतलंय ना?” तपासणी उद्या केली तरी चालते, नमुना आजचा हवा.

४. एक वही करा. साधी शाळेची वही पुरे. पहिल्या पानावर नाव, वय, वजन, रक्तगट, जुने आजार, आधी कधी रक्त चढवलं होतं का आणि बाईमाणूस असेल तर किती बाळंतपणं किंवा गर्भपात झाले ते लिहा. हे शेवटचं का लिहायचं, ते सहाव्या टप्प्यात येईल. पुढच्या पानांवर सहा रकाने आखा: तारीख-वेळ, हिमोग्लोबिन, पीसीव्ही (रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के, तो आकडा), लॅब, नमुना कसा घेतला, शेरा.

सीमाभागात ही वही जास्तच गरजेची आहे. निपाणी-संकेश्वरची माणसं ऑपरेशनला कोल्हापूर किंवा मिरजेला जातात आणि पुढची तपासणी चिकोडी किंवा बेळगावला करतात. एकाच रुग्णाचे कागद दोन राज्यांत, दोन-तीन भाषांत विखुरतात. शिवाय काही रिपोर्ट ज्या चकचकीत कागदावर छापतात, त्यावरची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात. आकडा वहीत हाताने उतरवा आणि रिपोर्टचा फोटोही काढून ठेवा.

> तपासून घ्या: आधीचा आकडा, वजन, काढून ठेवलेला नमुना आणि वही तयार असेल, तरच पुढचा टप्पा.

## टप्पा २: रक्त चढताना काय लिहायचं

वहीत पाच गोष्टी उतरवा: पिशवीचा क्रमांक, रक्तगट, आत काय आहे (नुसत्या लाल पेशी की पूर्ण रक्त), सुरू केल्याची वेळ आणि संपल्याची वेळ. लेबलवर मिलीलीटर लिहिलेले असतील तर तेही घ्या. आपल्याकडे ४५ किलोच्या पुढच्या दात्याकडून ३५० मिली आणि ५५ किलोपेक्षा जास्त वजनाच्या दात्याकडून ४५० मिली रक्त घेता येतं. त्यामुळे लाल पेशींच्या दोन पिशव्यांतला ऐवज सारखा नसतो आणि हिमोग्लोबिनची वाढही सारखी होत नाही.

रक्तपेढीच्या फ्रिजमधून निघाल्यापासून साधारण अर्ध्या तासात पिशवी लावायची असते आणि लावल्यापासून चार तासांच्या आत संपवायची असते. रक्तपेढीतून पिशवी आणणारा नातेवाईक वाटेत चहाला थांबला, तर तो वेळ यातूनच जातो.

पहिली १५ मिनिटं खाटेजवळून हलू नका. गंभीर रिॲक्शन बऱ्याचदा याच वेळात सुरू होते. थंडी वाजून येणं, ताप, अंगाला खाज, छातीत किंवा कंबरेत दुखणं, धाप, सुईच्या जागी आग, लाल-काळसर लघवी, किंवा ‘मला काहीतरी होतंय’ असं रुग्णाने घाबरून म्हणणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच सिस्टरांना बोलवा. पिशवी थांबवणं हे पहिलं काम असतं. बेळगाव शहरात मराठी चालून जातं. गोकाक-अथणीकडे रात्रपाळीच्या सिस्टर कन्नडच बोलणाऱ्या असतील तर थंडीला ‘चळी’, तापाला ‘ज्वर’, खाजेला ‘तुरिके’ आणि पाठदुखीला ‘बेन्नु नोवु’ एवढं पाठ असू द्या. वेळेला शब्द शोधत बसायला नको.

> सावधान: पिशवी गार आहे म्हणून गरम पाण्यात धरणं किंवा उन्हात ठेवणं पूर्ण चुकीचं. त्याने पेशी फुटतात. रक्ताच्या नळीतून साध्या नॉर्मल सलाईनशिवाय दुसरं काही जाता कामा नये, ग्लुकोजचं सलाईनही नाही.

## टप्पा ३: पहिली तपासणी नेमकी केव्हा

‘चोवीस तास झाल्याशिवाय तपासून उपयोग नाही’ असं बऱ्याच जणांनी मनात धरलेलं असतं. रक्तस्राव थांबलेला आहे, रुग्ण स्थिर आहे, अशा वेळी पिशवी संपल्यावर पाव तास ते तासाभरात घेतलेला आकडा आणि दुसऱ्या दिवशीचा आकडा जवळपास सारखेच येतात. म्हणून दुसरी पिशवी लावायची का, हे ठरवायला दिवसभर थांबायची गरज नसते. स्थिर रुग्णाला एक पिशवी द्यायची, तपासायचं, मग पुढचं ठरवायचं, ही रीत चांगली. दोन-तीन पिशव्या आधीच आणून ठेवल्यात म्हणून त्या लावून टाका, असा आग्रह नातेवाईकांनी धरू नये. स्थिर प्रौढ रुग्णाला रक्त देण्याचा विचार सहसा हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावर होतो. हृदयविकार असेल तर ८ च्या आसपास. १० किंवा १२ पर्यंत रक्तानेच पोचवायचं नसतं. पुढची वाढ औषधाने व्हायची असते.

वेळ बदलते ती दोन प्रकारच्या रुग्णांत.

रक्तस्राव चालू असलेला रुग्ण. अपघात, पोटातला अल्सर, बाळंतपणानंतरचा जास्त रक्तस्राव. इथे एक फसगत होते. रक्त वाहून जातं तेव्हा पेशी आणि पाणी दोन्ही एकत्र जातात. त्यामुळे सुरुवातीला हिमोग्लोबिन घसरलेलं दिसतच नाही. काही तासांनी शरीर शिरांमध्ये पाणी ओढून घेतं, सलाईनही जात असतं, मग आकडा कोसळतो. ‘आत्ताच तर ९ होतं’ म्हणून निर्धास्त राहायचं नाही. अशा रुग्णाचं डॉक्टर दर चार ते सहा तासांनी तपासतात आणि नाडी, रक्तदाब, लघवीचं प्रमाण हे आकड्याच्या आधी पाहतात.

नुकती बाळंत झालेली बाई. बाळंतपणानंतर एक-दोन दिवस शरीरातलं पाणी इकडेतिकडे सरकत असतं. पहिल्या काही तासांतला आकडा घ्यायचा, पण त्यावर शेवटचा निर्णय करायचा नाही. २४ ते ४८ तासांनी पुन्हा एकदा तपासून तोच घरी जातानाचा आकडा म्हणून वहीत लिहा.

बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळचा एक आकडा मिळवल्याशिवाय घरी निघू नये. डिस्चार्जच्या घाईत राहून जाणारी गोष्ट हीच आहे आणि पुढची सगळी तुलना याच आकड्याशी करायची असते.

## टप्पा ४: नमुना नीट घेतला जातोय का, ते पाहा

चुकीचे आकडे बहुतेक वेळा यंत्रात नाही, खाटेजवळच तयार होतात.

१. सलाईनच्या हाताचं रक्त नको. एका हाताला सलाईन चालू आहे, दुसऱ्या हाताची शीर सापडत नाही, म्हणून सलाईनच्याच हाताच्या वरच्या बाजूने रक्त काढलं जातं. नळीत रक्तासोबत सलाईन येतं. लॅबमध्ये असा नमुना पाहिला की बऱ्याचदा लगेच शंका येते: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट हे तिन्ही आदल्या दिवसापेक्षा एकदम, जवळपास एकाच प्रमाणात खाली आलेले असतात. रक्तस्रावाने रातोरात असं तिन्ही मिळून पडणं विरळाच. तुमच्या रिपोर्टमध्ये असं दिसलं तर दुसऱ्या हाताचा नमुना घेऊन तपासणी पुन्हा करायची विनंती करा. दुसरा हात शक्यच नसेल तर सिस्टर सलाईन काही मिनिटं बंद ठेवून सुईच्या खालच्या बाजूने रक्त घेऊ शकतात.

२. जांभळ्या टोपणाची नळी, रेघेपर्यंत भरलेली. नळीत रक्त गोठू न देणारं औषध असतं. रक्त घेतल्यावर ती हळुवार आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची असते. खळखळून हलवायची नाही. नुसती उभी ठेवली तर तळाशी गाठ धरते आणि गाठ धरलेल्या नमुन्याचा आकडा कामाचा नाही.

३. पट्टा फार वेळ आवळून ठेवू नये. दंडाला रबरी पट्टा बांधून मिनिटापेक्षा जास्त वेळ शीर शोधत बसलं की तिथलं रक्त दाट होतं आणि आकडा खोटा वर जातो.

४. बसून की झोपून, ते लिहा. झोपलेल्या माणसाचा आकडा उभ्या किंवा चालून आलेल्या माणसापेक्षा किंचित कमी येतो. वॉर्डात झोपून घेतलेला ८.६ आणि पंधरा दिवसांनी बाहेरच्या लॅबमध्ये बसून घेतलेला ८.९ म्हणजे वाढ झाली असं धरू नका. बाहेरून तपासायला गेलात तर दहा-पंधरा मिनिटं शांत बसा, मग हात पुढे करा.

५. उपाशी येऊ नका. हिमोग्लोबिनसाठी उपास लागत नाही. जांबोटी-कणकुंबीहून पहाटेची बस धरून, पाण्याचा घोटही न घेता आलेल्या अशक्त बाया लॅबच्या बाकावर चक्कर येऊन बसलेल्या पाहिल्या की वाईट वाटतं. भाकरी खाऊन, पाणी पिऊन या. फक्त सोबत दुसरी उपाशीपोटीची तपासणी आहे का, ते आधी विचारा.

> तपासून घ्या: शक्यतो दरवेळी एकच लॅब. यंत्र तेच असलं तरी ०.३ ते ०.५ चा फरक नमुन्यामुळे पडू शकतो. तेवढ्या फरकावर आनंदही नको, काळजीही नको.

## टप्पा ५: आकडा वाचायचा कसा

मोठ्या माणसाला लाल पेशींच्या एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण १ ने आणि पीसीव्ही साधारण ३ ने वाढतो. हा हिशोब ७० किलोच्या आसपासच्या माणसाचा. शरीर लहान असेल तर तेवढ्याच पिशवीने वाढ जास्त, थोराड असेल तर कमी. आपल्याकडे ४५ किलोची बाई आणि ३५० मिलीच्या रक्तातून केलेली पिशवी अशी जोडी नेहमीच दिसते. तिथे १ ते दीडची वाढ धरा. लहान मुलांना वजनावर मोजून रक्त देतात. किलोमागे १० ते १५ मिली लाल पेशी दिल्या तर २ ते ३ ने वाढ अपेक्षित असते.

उदाहरण घेऊ. बाईचं वजन ४८ किलो, आधी ५.८, दोन पिशव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी ७.९ ते ८.५ मध्ये काहीही आलं तर काम नीट झालं. ६.४ आलं तर शोध घ्यायचा आणि तोही या क्रमाने:

१. नमुना बरोबर होता का? चौथ्या टप्प्यातली चूक नाही ना? दुसऱ्या हाताने पुन्हा तपासा.
२. खूप सलाईन गेलंय का? अंगात पाणी जास्त झालं की आकडा पातळ होतो. पेशी तेवढ्याच असतात.
३. रक्त अजून जातंय का? पाळी, मूळव्याध, टाक्यांची जागा, काळी शी.
४. पेशी फुटतायत का? डोळे पिवळे, लघवी गडद, ताप.
५. प्लीहा (पानथरी) मोठी आहे का? ती पेशी अडकवून ठेवते.

बऱ्याच वेळा लोक पहिली पायरी सोडून थेट ‘रक्त खराब होतं’ या निष्कर्षावर येतात. आधी नमुना तपासा.

रिपोर्ट हातात आला की आणखी एक सोपी पडताळणी करा. हिमोग्लोबिनला ३ ने गुणा. उत्तर पीसीव्हीच्या जवळपास, दोन-तीनच्या फरकात यायला हवं. ८.२ ला २४-२५ च्या आसपास. हिमोग्लोबिन ८.२ आणि पीसीव्ही ३३ असं काही दिसलं तर लॅबला फोन करून पुन्हा पाहायला सांगा. कुणी ८२ असा आकडा दिला असेल तर घाबरू नका. काही ठिकाणी लिटरमागे ग्रॅम लिहितात, त्याला १० ने भागा.

एमसीव्ही म्हणजे पेशींचा सरासरी आकार. लोह कमी असलेल्या माणसाच्या स्वतःच्या पेशी लहान असतात आणि दात्याच्या पेशी नेहमीच्या आकाराच्या. दोन्ही मिसळल्या की सरासरी ठीकठाक दिसते. रक्त चढवल्यानंतर एमसीव्ही नॉर्मल आला म्हणून ‘लोह भरून निघालं’ असं कुणी म्हणालं तर मानू नका.

> सावधान: हिमोग्लोबिन वाढलं तरी धाप वाढत असेल तर तो ‘रक्त अजून कमी आहे’चा पुरावा नाही. वयस्कर, हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णात रक्त चढताना आणि त्यानंतर १२ तासांपर्यंत फुफ्फुसात पाणी भरू शकतं. झोपल्यावर दम लागतो, उठून बसावंसं वाटतं, खोकला येतो, असं झालं तर लगेच डॉक्टर. तिसरी पिशवी मागायची नाही.

## टप्पा ६: घरी गेल्यावरचे पहिले दोन आठवडे

हा काळ सगळ्यात दुर्लक्षित. रक्त चढवल्यावर साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात, कधी त्याहूनही उशिरा, एक उशिराची रिॲक्शन येऊ शकते. ज्यांना आधी रक्त चढलेलं आहे किंवा ज्या बायकांची आधी बाळंतपणं झालेली आहेत, त्यांच्या शरीरात परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार झालेली असू शकतात. पुन्हा तसं रक्त मिळालं की ती जागी होतात आणि नव्याने आलेल्या पेशी फोडायला लागतात. म्हणूनच वहीच्या पहिल्या पानावर बाळंतपणं लिहायची.

खुणा अशा: बारीक ताप, डोळ्यांत पिवळेपणा, चहासारखी गडद लघवी, पुन्हा तोच थकवा. घरी नेहमी काय होतं? ‘कावीळ झाली’ म्हणून झाडपाल्याचं औषध सुरू होतं आणि रक्त चढवल्याचं कुणाला आठवतही नाही. असं करू नका. हिमोग्लोबिन, बिलिरुबिन आणि एलडीएच (पेशी फुटल्या की हे दोन्ही वाढतात), रेटिक (नव्या लाल पेशी किती तयार होतायत) आणि कूम्ब्स (पेशींवर प्रतिपिंडं चिकटलीत का) या तपासण्या लागतील. ज्या दवाखान्यात रक्त चढवलं तिथेच, वहीतला पिशवी क्रमांक घेऊन जा. दवाखान्याने रक्तपेढीला कळवायला हवं. अशा रिॲक्शनची देशपातळीवर नोंद ठेवणारा हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम २०१२ पासून आहे. क्रमांक हातात नसेल तर मागचा शोधच लागत नाही.

रक्तपेढीने ‘प्रतिपिंड सापडलं’ असं लिहून दिलं असेल, तर तो कागद आयुष्यभराचा आहे. काही महिन्यांनी त्या प्रतिपिंडांचं प्रमाण इतकं कमी होतं की पुढच्या रक्तपेढीच्या तपासणीत ती दिसतही नाहीत, पण तसं रक्त चढलं की पुन्हा उसळतात. आज कोल्हापुरात सापडलेली गोष्ट तीन वर्षांनी बेळगावच्या रक्तपेढीला आपोआप कळणार नाही. ती तुम्हीच सांगायची. वहीच्या मुखपृष्ठावर लाल शाईने लिहा.

याच काळात शीकडे लक्ष ठेवा. लोहाच्या गोळ्यांनी शी काळपट-हिरवी होते, पण घट्ट असते. डांबरासारखी चिकट, चकाकणारी आणि उग्र वासाची शी म्हणजे पोटात रक्तस्राव. गुडघेदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांत हे फार दिसतं. अशा वेळी वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

## टप्पा ७: पुढच्या तपासण्या आणि कारणावरचा उपचार

डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर वेळापत्रक असं ठेवा: घरी निघताना एक, सात ते दहा दिवसांनी दुसरी, महिन्याने तिसरी, मग आकडा स्थिर होईपर्यंत महिन्याला एक. कणकुंबीकडच्या वाड्यांतून पावसाळ्यात निघणं होत नसेल तर मधली तपासणी आशाताईंच्या मदतीने आरोग्य केंद्रातल्या यंत्रावर करा, पण वहीत ‘बोटाचं रक्त’ असं लिहा आणि त्याची तुलना बोटाच्या रक्ताशीच करा.

‘बरं वाटतंय’ यावर तपासणी टाळू नका. निपाणीत दिवसभर बसून विड्या वळणाऱ्या बाईला हिमोग्लोबिन ७ वर आलं तरी धाप जाणवत नाही, कारण चालणं-चढणं फारसं होतच नाही. ऊसतोडीला जाणारीला ९ वरच जाणवतं. अंगावरून अंदाज करता येत नाही.

सात-दहा दिवसांच्या तपासणीत हिमोग्लोबिन फारसं वाढलेलं नसलं तरी चालेल, ते पडलेलं नसावं. लोह किंवा बी-१२ चा उपचार लागू पडत असेल तर याच सुमाराला रेटिक वाढलेला दिसतो. महिन्याच्या तपासणीत गोळ्या नीट चालू असतील तर १ ते २ ची स्वतःची वाढ दिसायला हवी. ती दिसली नाही तर आधी विचारा: गोळ्या खरंच पोटात जातात का? कशासोबत जातात? चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतलेलं लोह नीट शोषलं जात नाही, मध्ये दोन तासांचं अंतर हवं. लिंबू पिळलेलं पाणी चालतं. सरकारी केंद्रात गरोदर आणि बाळंत बायकांना मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलीग्रॅम लोह असतं. ती गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायची असते. हिमोग्लोबिन भरून आलं तरी साठा भरायला गोळ्या आणखी साधारण तीन महिने चालू ठेवतात. बीट आणि डाळिंब आवडीने खा, पण ८ चं १२ त्यांनी होत नाही.

> सावधान: थॅलेसेमियाच्या मुलांना आणि वारंवार रक्त चढणाऱ्यांना डॉक्टरांना न विचारता लोहाची गोळी देऊ नका. रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलीग्रॅम लोह शरीरात जातं आणि ते बाहेर टाकायची वाट शरीराकडे नाही. ते यकृतात आणि हृदयात साठतं.

## टप्पा ८: ज्यांचा हिशोब वेगळा

थॅलेसेमिया. इथे दरवेळी दोन आकडे हवेत: चढवण्याआधीचा आणि नंतरचा. आधीचा ९.५ ते १०.५ च्या दरम्यान राहावा, नंतरचा १४-१५ च्या वर जाऊ नये, असं नियोजन असतं. नंतरच्या आकड्यातून पुढच्या खेपेचा आधीचा आकडा वजा करा आणि मधल्या आठवड्यांनी भागा. १२.५ वरून तीन आठवड्यांनी ९.५, म्हणजे आठवड्याला १ ची घट. ही घट आठवड्याला दीडच्या पुढे जायला लागली तर खेपा वाढवायच्या आधी कारण शोधायला सांगा: प्लीहा वाढली आहे की प्रतिपिंडं झाली आहेत.

डायलिसिसचे रुग्ण. नमुना नेहमी डायलिसिसच्या आधीचा, शक्यतो आठवड्यातल्या ठरलेल्या वारी. आधी आणि नंतरच्या आकड्यांची सरमिसळ केली तर अंगातल्या पाण्यामुळे चित्र बिघडतं. किडनी बदलण्याचा विचार असेल तर रक्त चढवण्याआधी डॉक्टरांना तो आवर्जून सांगा, कारण प्रत्येक पिशवीने प्रतिपिंडं होण्याची शक्यता वाढते आणि पुढे जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं.

## टप्पा ९: कोणत्या तपासण्या लांबवायच्या

मधुमेहींची तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, लाल पेशींवरून काढतात. दात्याच्या पेशी मिसळल्या की हा आकडा तुमचा राहत नाही आणि त्यावरून औषध कमी-जास्त केलं तर साखर बिघडते. रक्त चढवल्यावर साधारण तीन महिने रोजच्या साखरेवरच भरवसा ठेवा. एचपीएलसीही तीन महिन्यांनीच. विशेषतः लग्नाआधी किंवा गरोदरपणात थॅलेसेमिया वाहक आहे का ते पाहायचं असेल तर, कारण दात्याच्या रक्ताने वाहक लपून जाऊ शकतो. गरोदरपणात तीन महिने थांबणं परवडत नसेल तर नवऱ्याचं रक्त आधी तपासून घ्या. लोहाच्या तपासण्या आधी राहून गेल्या असतील तर कधी करायच्या ते डॉक्टरांना विचारा, दुसऱ्याच दिवशी करू नका.

यातली कुठलीही तपासणी तीन महिन्यांच्या आत करावीच लागली तर नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर ‘रक्त चढवलं’ आणि तारीख ठळक लिहायला सांगा.